अण्णांचा मास्क आणि तुमचा मास्क

ताई, नमस्कार.
वय ५३, धायरीत राहतो, नोकरी शिरवळच्या एमआयडीसीत. २०२२ च्या दिवाळीनंतर स्लीप स्टडी झाली. एएचआय ३८ निघाला, म्हणजे गंभीर स्लीप ॲप्निया, झोपेत श्वास अडकण्याचा आजार. मास्कमधून दाबानं हवा देणारं सीपॅप मशीन घेतलं, नाकातोंडावर बसणारा मास्क मिळाला. पाच महिने कसंबसं लावलं आणि सोडलं. नाक कोरडं पडायचं, कडेनं हवा डोळ्यांत जायची, आणि मध्यरात्री गुदमरल्यासारखं होऊन मी मास्क ओढून फेकायचो. मशीन तीन पावसाळे माळ्यावर आहे.
झोपेचे हाल आहेत. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतो, शुगर नॉर्मल आहे. सकाळी डोकं जड. बीपीची एक गोळी होती, आता दोन झाल्या. अधूनमधून झोपेची अर्धी गोळी घेतो. घोरण्याला कंटाळून ही हॉलमध्ये झोपते. गेल्या महिन्यात संध्याकाळी घरी येताना खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत डोळा लागला, मागच्यानं हॉर्न मारला तेव्हा जाग आली. ही म्हणते मशीन परत लावा. भाचा म्हणतो, मोठा अभ्यास झालाय, मशीननं हार्ट ॲटॅक टळत नाही. मग परत सुरू करू की नको?
ता. क. माझे वडील, अण्णा, एप्रिल २०२१ मध्ये कोविडनं गेले. शेवटचे नऊ दिवस बायपॅपवर होते, म्हणजे मास्कमधून दाबानं श्वास देणाऱ्या यंत्रावर. मी फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलं. याचा इथे संबंध नाही, तरी लिहिलं.
— धायरीचा एक वाचक

भाऊ, नमस्कार.

मशीनचं नंतर बोलू. आधी गाडी. उद्यापासून स्वतः गाडी चालवत शिरवळला जायचं नाही. कंपनीची बस असेल तर बसनं जा, नसेल तर वडगाव-धायरीकडचा एखादा सहकारी गाठा आणि पेट्रोल वाटून घ्या. टोलनाक्यावर गाडी उभी होती म्हणून हॉर्नवर निभावलं. त्याच रस्त्यानं पुढे आलं, नवा कात्रज बोगदा ओलांडला, की थेट नवले पुलापर्यंत उतार. त्या उतारावर किती अपघात झालेत ते आपण पुणेकर वर्षानुवर्षं पेपरात वाचतोय. पूर्ण जागा माणूससुद्धा तिथे मागून येणाऱ्या कंटेनरकडे एक डोळा ठेवून उतरतो. तुम्ही तिथून रोज संध्याकाळी, अडीच-तीन वर्षांची झोपेची थकबाकी डोक्यावर घेऊन उतरता. उपचार लागू पडून डॉक्टर हो म्हणेपर्यंत किल्ली वहिनींकडे द्या.

आता तुमचा प्रश्न. हो, मशीन परत सुरू करा. फक्त मागच्या वेळी जसं होतं तसंच नको, आणि माळ्यावरून काढून आज रात्रीच तोंडाला लावू नका. मी डॉक्टर नाही. पण आमच्या घरात हे मशीन अकरा वर्षं आहे, आणि खालचं सगळं छातीरोगतज्ज्ञ असलेल्या एका मैत्रिणीला दाखवूनच लिहिलं आहे.

मशीन यायच्या आधीच्या रात्री मला अजून आठवतात. यांचं घोरणं चालू असायचं तोवर मी निर्धास्त असायचे. थांबलं की मला जाग यायची. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मी मोजायला लागायचे. अठरा, एकोणीस, वीस... मग एक मोठा आचका, पलंग हलायचा आणि पुन्हा घोरणं सुरू. सकाळी यांना काहीच आठवायचं नाही. ‘छान झोप लागली’ म्हणायचे आणि साडेदहाला पेपर हातात धरून पेंगायचे. वहिनी घोरण्याला कंटाळून हॉलमध्ये गेल्या असं तुम्ही लिहिलंय. एकदा विचारून बघा, त्यासुद्धा मोजत होत्या का. आता तर तुमच्या खोलीत मोजायलाही कुणी नाही.

एएचआय ३८ म्हणजे तासाला ३८ वेळा श्वास थांबतो किंवा अगदी उथळ होतो, आणि दर वेळी किमान १० सेकंद. सात तासांच्या झोपेत हे अडीचशेच्या वर जातं. पाच ते पंधरा असेल तर सौम्य म्हणतात, तीसच्या पुढे गंभीर. बहुतेक वेळा मेंदू शरीराला अर्धवट जागं करतो, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब उसळतो. अशी अडीचशे हिसक्यांची रात्र काढल्यावर सकाळी डोकं जड राहणारच. लघवीचंही बहुधा इथेच मूळ आहे. घसा बंद असताना छाती आत ओढायची धडपड करते, त्यानं हृदयाच्या कप्प्यांवर ताण येतो. अंगात पाणी जास्त झालंय असं हृदयाला वाटतं आणि ते मूत्रपिंडांना पाणी काढून टाकायचा निरोप धाडतं. तुमच्या वयात प्रोस्टेट तपासून घ्यायचंच आहे, पण डॉक्टरांना ॲप्नियाचंही सांगा. ते बीपीवाले वेगळे आणि झोपवाले वेगळे, असं करून दोघांपासून अर्धी-अर्धी गोष्ट लपवली जाते.

आणि एक लक्षात घ्या, सीपॅप हा अँटिबायोटिकचा कोर्स नाही, की पाच महिने केला आणि संपला. तो चष्म्यासारखा आहे. काढला की पुन्हा धूसर. मशीन बंद केलं की काही रात्रींतच श्वास अडकणं परत येतं, आणि दोनेक आठवड्यांत दिवसाची पेंग आणि सकाळचा रक्तदाब वाढलेला दिसतो, असं अभ्यासात आढळलं आहे. दुसरी गोळी का लागली याचा विचार करताना हेही डॉक्टरांपुढे ठेवा.

तुमचा भाचा चुकीचं सांगत नाही, पण त्यानं पूर्ण सांगितलं नाही. तो ज्याबद्दल बोलतोय तो बहुधा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला सेव्ह नावाचा अभ्यास. त्यात २७१७ जण होते. सगळ्यांना आधीपासून हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता. मशीन दिलेल्या गटात हार्ट ॲटॅक आणि पक्षाघात कमी झाले नाहीत, हे खरं. पण त्या लोकांनी मशीन रात्रीतून सरासरी ३.३ तासच लावलं होतं. त्यांची दिवसाची पेंग, घोरणं आणि मन:स्थिती मात्र तेवढ्यानंही सुधारली. आणि ज्यांना दिवसा फार झोप येते त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. टोलनाक्यावर डोळा लागणारा माणूस त्यात बसत नाही. भाच्याला प्रेमानं सांगा, मला आत्ता नवले पुलाच्या अलीकडे जागं राहायचंय.

आता ता. क.

‘संबंध नाही, तरी लिहिलं’ असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, आहे. मी लांबून बोलतेय, तुम्ही स्वतःशी ताडून बघा. नाक कोरडं पडणं, हवा डोळ्यांत जाणं, या कटकटींनी माणूस मशीनला शिव्या घालतो, पण मध्यरात्री मास्क ओढून फेकत नाही. गुदमरण्याला साधी कारणंही असतात. दाब जास्त असेल, नाक चोंदलं असेल, मास्क मापाचा नसेल, तरी तसं होतं, आणि ती आधी तपासायची. पण तुमच्या चेहऱ्यावर नाकातोंडावर बसणारा, पट्ट्यांनी आवळलेला मास्क होता. अण्णांच्या चेहऱ्यावर तुम्ही फोनच्या पडद्यावर नऊ दिवस जो पाहिलात, तोही तसाच. त्या एप्रिलमध्ये या शहरात कुणालाच आपल्या माणसापाशी बसू देत नव्हते. तुम्ही त्यांचा हात धरू शकला नाहीत. आणि दीड वर्षानं कुणीतरी तुमच्या हातात जवळजवळ तीच वस्तू दिली आणि सांगितलं, रोज रात्री लावा. अर्धवट झोपेत हात आपसूक मास्ककडे गेला, यात मला काही नवल वाटत नाही.

म्हणून या दोन वस्तूंतला फरक एकदा नीट समजून घ्या. अण्णांची फुप्फुसं आजारानं भरली होती. त्यांना ऑक्सिजन दाबानं पुरवावा लागत होता. तुमची फुप्फुसं ठणठणीत आहेत. तुमच्या मशीनमधून ऑक्सिजन येत नाही, तुमच्याच बेडरूममधली हवा फिल्टरमधून ओढून किंचित दाबानं आत सोडली जाते. अडचण घशाशी आहे. झोपेत तिथले स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, वाट बंद होते. दुधाची रिकामी पिशवी धुताना तिच्या दोन्ही बाजू आतून एकमेकींना चिकटतात बघा. फुंकर मारली की सुटतात. मशीन रात्रभर ती फुंकर मारतं, एवढंच त्याचं काम. हा उपाय सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये पहिल्यांदा पाच रुग्णांवर करून मांडला. त्याआधी गंभीर ॲप्नियावर इलाज होता तो गळ्याला पुढून भोक पाडायचा. सकाळी उठून कामाला जाणाऱ्या माणसांनी सकाळी उठून कामाला जात राहावं, म्हणून हे यंत्र आलं.

वहिनींशी अण्णांच्या त्या नऊ दिवसांबद्दल कधी सविस्तर बोलला आहात का? बोला. मास्क नुसता पाहूनच छाती धडधडत असेल तर समुपदेशकाकडे जा. मास्कची भीती घालवण्याचं काम ते करतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

मग मशीनकडे वळा. तीन पावसाळ्यांनंतर नळी, मास्क, फिल्टर, पाण्याची टाकी हे सगळं नवं घ्या. माळ्यावरच्या ओलीत बुरशी धरते आणि सिलिकॉन कडक होतं. मशीन विक्रेत्याकडून तपासून घ्या. २०२१ च्या जूनमध्ये एका मोठ्या कंपनीनं आतला आवाज दाबणारा फोम झिजतो म्हणून आपली मशीन परत मागवली होती. तुमचं २०२२ चं आहे, पण जुना साठा असू शकतो, तेव्हा सीरियल नंबर एकदा पडताळा. या काळात वजन पाच-सात किलोंनी इकडेतिकडे झालं असेल तर डॉक्टर दाबही नव्यानं ठरवतील, कदाचित पुन्हा स्टडी सांगतील. झोपेच्या गोळीचं त्याच भेटीत सांगा. अशा बऱ्याच गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. रोजच्या झाल्या असतील तर मात्र आपल्या मनानं एकदम बंद करू नका.

मास्क बदला, हे सगळ्यात महत्त्वाचं. नाकपुड्यांशी फक्त दोन मऊ गाद्या टेकतात असा छोटा प्रकार मिळतो. डोळे मोकळे, तोंड मोकळं, चष्मा लावून पेपरही वाचता येतो. तो अण्णांच्या मास्कसारखा अजिबात दिसत नाही. झोपेत तोंड उघडं पडत असेल किंवा नाक बंद राहत असेल तर आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, पण मागणी हीच करा. आणि माप आडवं पडून, मशीन चालू ठेवून घ्या. दुकानात खुर्चीवर बसून बरोबर बसलेला मास्क उशीवर डोकं टेकलं की सरकतो. मग आपण पट्टे आवळतो, तो आणखी वाकडा बसतो आणि हवा डोळ्यांत. कोरड्या नाकाला ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी, त्यात डिस्टिल्ड वॉटर. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत तर त्याच्याशिवाय चालणारच नाही.

लावायची सुरुवात रात्री करू नका. दिवसा, हॉलमध्ये, टीव्हीसमोर, वहिनी शेजारी असताना करा. पहिले दोन दिवस मास्क नुसता हातानं नाकाशी धरायचा, पट्टे न बांधता, म्हणजे केव्हाही खाली ठेवता येतो. मग पट्टे. मग मशीन, हळूहळू दाब वाढवणारी रॅम्पची सोय सुरू ठेवून. मग रविवारची दुपारची झोप. त्यानंतर रात्र. पहिल्या आठवड्यात दोनच तास टिकलं तरी ठीक, मध्येच काढलात तर लघवीला उठाल तेव्हा परत लावा. किमान चार तासांपर्यंत पोहोचायचं, आणि पुढे पूर्ण रात्र. मशीन रोजचे तास, हवेची गळती आणि उरलेला एएचआय नोंदवून ठेवतं. महिन्यानं ती नोंद घेऊनच डॉक्टरांकडे जा. मागच्या वेळी पाच महिन्यांत ती कुणी उघडून पाहिली होती का, याची मला शंका आहे. नुसतं ‘वापरत जा’ सांगून सोडून देणं ही आपल्याकडची मोठी चूक आहे.

एवढं करूनही जमलं नाही, तर खालचा जबडा थोडा पुढे धरणारं दातांचं उपकरण असतं. ३८ ला ते अपुरं पडण्याची शक्यता आहे, तरी काहीच नसण्यापेक्षा बरं. कुशीवर झोपल्यानं अनेकांना फरक पडतो. वजन जास्त असेल तर दहा टक्के उतरल्यावर एएचआय साधारण पाव हिश्शानं कमी होतो. वजनाच्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपाटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या ॲप्नियासाठी मान्यता मिळाली आहे. तुमच्यासाठी ते योग्य आहे का, ते डॉक्टरच सांगतील. पण हे सगळं लागू पडायला महिने लागतात, आणि श्वास आज रात्री अडणार आहे.

या रविवारी वहिनींना स्टूल धरायला सांगा आणि मशीन माळ्यावरून खाली काढा. आणि शिरवळच्या बसचं काय ठरलं, ते मात्र मला दोन ओळीत लगेच कळवा.

तुमची,
ताई