आई-बाबा पीत नाहीत, तरी आयरिश व्हिस्कीची जुनी डिस्टिलरी दाखवायला न्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा उन्हाळ्यासाठी डब्लिनला आलेत, दोघंही दारूला शिवत नाहीत, बाबांची सगळी नोकरी कारखान्यात मेंटेनन्सला गेली, आणि तुम्हाला स्वतःला आयरिश व्हिस्कीचं एखादं हेरिटेज सेंटर बघायची फार इच्छा आहे. त्यांना सोबत न्यावं का, आणि न्यायचं तर कुठे?

जरूर न्या. फक्त डब्लिनच्या बो स्ट्रीटला नको, किलबेगनला न्या. बो स्ट्रीटला जेमसन या प्रसिद्ध आयरिश व्हिस्कीची मूळ डिस्टिलरी होती, पण तिथलं उत्पादन 1971 मध्येच थांबलं. आज तिथे पडदे, दिवे, छान बोलणारे गाइड आणि चव घेण्याचा कार्यक्रम आहे. मित्रांबरोबर संध्याकाळ घालवायला ती जागा उत्तम, पण न पिणाऱ्या माणसाच्या वाट्याला तिथे फार काही येत नाही. तुमच्या बाबांना यंत्रं बघायला मिळायला हवीत.

किलबेगन हे वेस्टमीथ काउंटीतलं, ब्रॉस्ना नदीवरचं छोटं गाव. डब्लिनहून गाडीने साधारण तासाभराचा रस्ता, मोटरवे जवळून जातो. गावात रेल्वे नाही. सगळ्यात जवळचं स्टेशन तुलामोर, तिथून पुढे दहा-बारा किलोमीटर टॅक्सी करावी लागते. या डिस्टिलरीचा परवाना 1757 सालचा. जुनेपणाचे दावे आयर्लंडमध्ये बरेच ऐकाल. उत्तरेतलं बुशमिल्स बाटलीवर 1608 लिहितं, पण तो परवाना त्या परिसरात दारू गाळण्यासाठी एका जमीनदाराला मिळाला होता, कंपनीची नोंद 1784 ची. मला विचाराल तर या शर्यतीत शिरूच नये. किलबेगनचं महत्त्व वेगळ्याच गोष्टीत आहे.

तिथे नदीच्या पाण्यावर फिरणारं मोठं चाक आहे. त्या चाकाची ताकद दांडे, दातेरी चाकं आणि पट्ट्यांमधून इमारतभर पोहोचते: धान्य भरडणाऱ्या दगडी जात्यांना, भरड कालवणाऱ्या यंत्राला, पंपांना. नदीला पाणी कमी झालं की काम अडायचं, म्हणून 1887 मध्ये वाफेचं इंजिन बसवलं गेलं. ते इंजिनही जागेवर आहे. दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी बघता येतात, आणि कुठल्या दांड्यावरून कुठे ताकद वळवली असेल हे नुसत्या नजरेने शोधता येतं. माझ्याबरोबर आलेले पाहुणे, विशेषतः ज्यांनी आयुष्यभर मशिनं सांभाळली ते, इथून लवकर हलत नाहीत. गाइड पुढे निघून जातो आणि आपली माणसं दातेरी चाकाचे दात मोजत उभी असतात. त्यांना घाई करू नका. गाइडशिवाय स्वतःच्या गतीने बघायची सोय असेल तर तीच निवडा.

व्हिस्की कशी होते हे आईला गाडीतच सांगून ठेवा, म्हणजे आत गेल्यावर सगळं ओळखीचं वाटेल. जव भिजवायचे, मोड आणायचे, मोड पुरेसे आले की गरम हवेने वाळवून वाढ थांबवायची. मोड येताना दाण्यात जी विकरं (एन्झाइम) तयार होतात, ती पुढे दाण्यातल्या स्टार्चची साखर करतात. भरड गरम पाण्यात कालवून ते गोड पाणी काढायचं, यीस्ट घालून काही दिवस आंबवायचं, आणि मग तांब्याच्या भांड्यात उकळून वाफ थंड करायची. गोव्यात काजूच्या फेणीची भट्टी पाहिली असेल तर तत्त्व तेच. फरक यानंतरचा: कायद्याने ही दारू आयर्लंड बेटावरच लाकडी पिंपांत किमान 3 वर्षं ठेवावी लागते, त्याआधी तिला आयरिश व्हिस्की म्हणता येत नाही. पिंपातून दरवर्षी सुमारे 2 टक्के उडून जाते. बंगळुरूच्या उकाड्यात हेच प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणून भारतातल्या सिंगल मॉल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आलेल्या जवाच्या केलेल्या व्हिस्की, लवकर तयार होतात.

आयरिश लोकांचा स्वतःचा म्हणावा असा प्रकार म्हणजे सिंगल पॉट स्टिल (पॉट स्टिल म्हणजे तेच गाळायचं तांब्याचं भांडं). त्यात मोड आलेल्या जवाबरोबर मोड न आणलेले, कच्चे जवही घालतात. याचं मूळ करात आहे. 1785 मध्ये मोड आणलेल्या धान्यावर कर बसला, तेव्हा डिस्टिलरीवाल्यांनी कच्चं धान्य मिसळायला सुरुवात केली. त्यातून दाट, थोडी मसालेदार चव आली आणि लोकांना ती इतकी आवडली की कराचं कारण मागे पडलं तरी पद्धत राहिली. आयरिश व्हिस्की नेहमी तीनदाच गाळतात आणि तिला कधीच धुराचा वास नसतो, असं मात्र कुणी छातीठोक सांगितलं तर मान्य करू नका. कॉनेमारा नावाची आयरिश व्हिस्की पीटच्या, म्हणजे दलदलीतून काढून जळण म्हणून वापरतात त्या मातीच्या, धुरावर वाळवलेल्या जवाची आहे आणि ती दोनदाच गाळतात.

आता किलबेगनची जी गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडते ती. 1866 मध्ये इथला बॉयलर निकामी झाला. मालक जॉन लॉक यांच्याकडे नवा घ्यायला पैसे नव्हते आणि कर्जही मिळेना. तेव्हा गावाने वर्गणी काढून बॉयलर विकत घेतला आणि त्यांना भेट दिला. गावकऱ्यांनी त्या वेळी दिलेलं पत्र डिस्टिलरीत लावलेलं आहे. शेतकऱ्यांचं धान्य तिथे जायचं, घरटी कुणीतरी तिथे कामाला असायचं, त्यामुळे डिस्टिलरी बंद पडणं म्हणजे गावाच्या पोटावर पाय. कारखाना बंद पडल्यावर गावाचं काय होतं हे ज्यांनी सोलापूर-इचलकरंजीकडे किंवा गिरणगावात पाहिलंय, त्यांना हे पत्र समजावून सांगावं लागत नाही.

आणि शेवटी ती बंद पडलीच. 1953 नंतर तिथे व्हिस्की गाळली गेली नाही, 1957 मध्ये कुलूप लागलं. पुढे इमारतीत डुकरंसुद्धा पाळली गेली, आणि जुनी तांब्याची भांडी भंगारात गेली. 1982 मध्ये गावकरी पुन्हा एकत्र आले, त्यांनी इमारत आणि यंत्रं दुरुस्त केली आणि तिथे संग्रहालय उभं केलं. 2007 मध्ये, परवान्याला 250 वर्षं झाली तेव्हा, तिथे परत व्हिस्की गाळायला सुरुवात झाली. आज आपण जे चाक फिरताना बघतो ते गावाने दोनदा हात दिल्यामुळे.

एक किलबेगनच का, सगळा आयरिश धंदाच बसला होता. 1830 मध्ये एनियस कॉफी या आयर्लंडच्याच माजी अबकारी अधिकाऱ्याने सलग चालणाऱ्या उभ्या स्तंभाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात हलकी दारू स्वस्तात आणि न थांबता निघते. स्कॉटलंडने ते उचललं, ती मिसळून केलेली ब्लेंडेड स्कॉच जगभर नेली. डब्लिनच्या बड्या डिस्टिलरीवाल्यांनी मात्र ही व्हिस्कीच नव्हे असं म्हणत आपली तांब्याची भांडी सोडली नाहीत. चवीच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे, पण धंद्याच्या बाबतीत ते हरले. त्यात 1920 मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली, स्वातंत्र्यानंतर ब्रिटनशी व्यापारयुद्ध झालं, आणि 1970 च्या दशकात अख्ख्या बेटावर दक्षिणेत कॉर्कजवळची मिडलटन आणि उत्तरेतली बुशमिल्स एवढ्या दोनच चालू डिस्टिलऱ्या उरल्या.

मिडलटनला जायला तुमच्याकडे वेगळा दिवस असेल तर तोही ठेवा. कॉर्कच्या केंट स्टेशनवरून लोकल गाडीने पंचवीस मिनिटांच्या आसपास लागतात, गाडी चालवायची गरज नाही. दगडी इमारती मुळात लोकरीच्या गिरणीच्या; 1825 मध्ये मर्फी बंधूंनी घेऊन तिथे डिस्टिलरी काढली. तिथलं जुनं पॉट स्टिल 31,618 गॅलनचं, म्हणजे जवळपास 1 लाख 44 हजार लिटरचं आहे, आणि जगातलं सर्वांत मोठं मानलं जातं.  1975 मध्ये मागच्या बाजूला नवी डिस्टिलरी सुरू झाली आणि जुनीचं पुढे 1992 मध्ये हेरिटेज सेंटर झालं. तिथे गेलात तर गावातल्या बेलिक पार्कलाही चालत जा. 1847 च्या दुष्काळात अमेरिकेतल्या चोक्टॉ या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी, स्वतः देशोधडीला लागलेले असताना, आयरिश लोकांसाठी पैसे पाठवले होते. त्यांच्या आठवणीत तिथे स्टीलची नऊ उंच पिसं वर्तुळात उभी केली आहेत. तुमच्या आईला डिस्टिलरीपेक्षा हेच जास्त आवडेल असं मला वाटतं.

बुशमिल्सबद्दल मात्र सावध राहा. ते उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये येतं. वाटेत कुणी पासपोर्ट बघत नाही, म्हणून बरेच जण आई-वडिलांना बिनधास्त घेऊन जातात. पण भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा साधा व्हिजिट व्हिसा तिथे चालत नाही. व्हिसावर ब्रिटिश-आयरिश योजनेची ‘बीआयव्हीएस’ ही नोंद असेल किंवा वेगळा ब्रिटिश व्हिसा असेल तरच जा. तुमचं आयरिश रेसिडेन्स कार्डही तिथे उपयोगी नाही.

बाकी तयारी साधी आहे. जुन्या इमारती आहेत, ऐन जुलैतही आत गार आणि ओलसर असतं, जिने अरुंद. आईंचे गुडघे दुखत असतील तर बुकिंग करताना पायऱ्यांचं विचारून घ्या, आणि त्या दिवशी सेंटर उघडं आहे का हेही, कारण वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. आंबवण्याच्या मोठ्या पिंपावर वाकून खोल श्वास घेऊ नका. वर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, नाकात सणकन जातो. आई-बाबांना नुसता वास घ्यायला ग्लास मागा, कुणी आग्रह करत नाही.

तुम्ही स्वतः गाडी चालवणार असाल तर चव घेऊ नका. इथली मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम आहे, नवशिक्या चालकाला फक्त 20. बऱ्याच ठिकाणी चालकाचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात, तो घरी आणा. आणि परत जाताना आई-बाबांबरोबर नातेवाइकांसाठी बाटल्या पाठवायच्या असतील तर भारतात माणशी 2 लिटर शुल्काशिवाय चालतात. चेक-इन बॅगेत, कपड्यांत नीट गुंडाळून ठेवा. हातातल्या पिशवीतली ड्यूटी-फ्रीची बाटली मधल्या विमानतळावर तपासणीत अडकू शकते, तिचं सीलबंद पाकीट घरी पोहोचेपर्यंत फोडू नका.

किलबेगनचं तिकीट काढलंत की कळवा. वाटेत जेवायला कुठे थांबायचं आणि शाकाहारी काय मिळेल ते सांगतो.