हॅनिबल असूनही कार्थेज का हरले?

प्रश्न : उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे कार्थेज हे व्यापारावर गबर झालेले आणि आरमारात मुरलेले राज्य होते. शिवाय त्याच्याकडे हॅनिबलसारखा सेनापती होता. तरीही रोमशी झालेली तिन्ही युद्धे ते हरले. इटलीतील कॅनीच्या लढाईत रोमनांवर मिळवलेल्या विजयानंतर हॅनिबल थेट रोमवर चालून गेला असता आणि मायदेशाने त्याला वेळेवर कुमक पाठवली असती, तर निकाल फिरला असता का?
(एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : पानिपतावरील ‘असे झाले असते तर’ ही चर्चा आपल्या पुण्यात अजून संपलेली नाही. कॅनीवरची चर्चा तर बावीसशे वर्षे जुनी आहे, तेव्हा आपल्या प्रश्नाचे नवल वाटले नाही. मात्र कॅनीपासून सुरुवात केली की उत्तर चुकते, असे माझे मत आहे. कार्थेजचा खरा पराभव त्याआधीच्या पिढीत झाला, आणि तोही त्याच्या हक्काच्या समुद्रावर.

इ.स.पू. २६४ मध्ये सिसिलीवरून पहिले युद्ध पेटले, तेव्हा रोमकडे सांगण्यासारखे आरमार नव्हते. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की, किनाऱ्यावर रुतलेले कार्थेजचे एक जहाज रोमनांच्या हाती लागले. त्याच्या नमुन्यावरून त्यांनी शंभर मोठी जहाजे बांधली आणि बांधणी चालू असतानाच वल्हेकऱ्यांना कोरड्या जमिनीवर बाकांवर बसवून एका तालात हात मागेपुढे करायला शिकवले. हे दृश्य पाहून कार्थेजचा कोणीही खलाशी हसला असता. पण इ.स.पू. २५५ मध्ये सिसिलीजवळच्या वादळात रोमची ३६४ पैकी अवघी ८० जहाजे वाचली, तेव्हा त्यांनी तीन महिन्यांत २२० नवी जहाजे उभी केली. पुढे सिसिलीतील ड्रेपानाजवळच्या समुद्री लढाईत ते सपाटून हरले, खजिन्यात खडखडाट झाला, तरीही इ.स.पू. २४२ मध्ये सधन नागरिकांनी कोणी एकट्याने, कोणी दोघातिघांत मिळून एकेका जहाजाचा खर्च उचलला, आणि तोही ‘जिंकलो तर परत द्या’ एवढ्याच अटीवर. अशा दोनशे जहाजांनी पुढल्या वर्षी एगेडियन बेटांजवळ धान्याने लादलेले, कच्च्या खलाशांचे कार्थेजचे आरमार मोडले. त्या जागी समुद्रतळातून जहाजांच्या पुढच्या टोकाला बसवायची काशाची धडक-टोके अलीकडे वर काढली गेली असून, त्यांतल्या अनेकांवर ती तपासून मंजूर करणाऱ्या रोमन अधिकाऱ्यांची नावे आहेत.

कार्थेजचे सत्ताधारी युद्धाकडे पेढीच्या नजरेने पाहत : खर्च परवडेनासा झाला की तह करायचा. त्यांनी सिसिली सोडली आणि ३,२०० टॅलेंट (वजनाचे एक प्राचीन माप) चांदीची खंडणी मान्य केली. मग परतलेल्या भाडोत्री सैनिकांच्या थकलेल्या पगारात घासाघीस सुरू केली. त्यातून तीन वर्षांहून अधिक चाललेले बंड उसळले आणि त्या गडबडीत रोमने सार्डिनियाही गिळले. (भाडोत्री सैनिक मुळातच कुचकामी असतात, हा समज मात्र खरा नाही, हॅनिबलने इटलीतील आपले विजय बहुतांशी परक्या सैनिकांच्या बळावरच मिळवले.)

आता कॅनी, इ.स.पू. २१६. रोमन इतिहासकार लिव्हीच्या हिशेबाने एका दिवसात सुमारे अठ्ठेचाळीस हजार रोमन सैनिक पडले. मात्र रोमने इटलीतील जिंकलेल्या लोकांकडून खंडणीऐवजी माणसे घेतली होती. पॉलिबियसने दिलेल्या आकड्यांनुसार, या युद्धाच्या काही वर्षे आधी रोम व त्याचे मित्र मिळून सात लाख पायदळ आणि सत्तर हजार घोडदळ उभे करू शकत होते. म्हणून त्या पराभवानंतरही रोमने कैद झालेल्या आपल्याच सैनिकांना खंडणी देऊन सोडवायचे नाकारले आणि आठ हजार गुलाम विकत घेऊन त्यांच्या हाती शस्त्रे दिली. हॅनिबलपुढे रोम सुमारे चारशे किलोमीटरवर होते, शहराला भक्कम तट होता आणि हॅनिबलजवळ वेढ्याची साधने नव्हती. तो चालून गेला असता तर बहुधा तटाबाहेर उपाशी बसला असता.

कुमकेबद्दलची तक्रार अर्धीच खरी आहे. काही हत्ती व घोडेस्वार त्याला पोहोचले. पण मोठी सैन्ये स्पेन, सार्डिनिया आणि सिसिलीत वाटली गेली. स्पेनमधून निघालेला भाऊ हॅस्ड्रूबल इ.स.पू. २०७ मध्ये मेटॉरस नदीकाठी मारला गेला. आफ्रिकेतील झामाच्या निर्णायक लढाईत, इ.स.पू. २०२ मध्ये, एके काळी कार्थेजच्या बाजूने लढलेल्या मॅसिनिसाचे, म्हणजे कार्थेजच्या शेजारच्या नुमिडियाच्या राजाचे, घोडदळ रोमच्या बाजूने उतरले, तेव्हा सारेच संपले होते. तिसऱ्या युद्धात तर शस्त्रे आधीच सोपवून बसलेले शहर तीन वर्षे झुंजले आणि इ.स.पू. १४६ मध्ये पडले.

आपल्या प्रश्नाचे उत्तर कॅनीनंतर लगेच कार्थेजच्या सभेतच मिळाले होते, असे लिव्हीच्या वर्णनावरून वाटते. हॅनिबलचा भाऊ मॅगो याने मेलेल्या रोमन सरदारांच्या सोन्याच्या अंगठ्यांचा ढीग सभागृहाच्या दारात ओतला आणि पैसा, धान्य व सैन्य मागितले. विरोधक हॅनोने त्याला विचारले, लॅटिन लोकांपैकी (रोमच्या शेजारच्या, जवळच्या मित्रांपैकी) कोणी आपल्याकडे आले आहे काय, आणि रोमने तहासाठी वकील पाठवला आहे काय? दोन्ही प्रश्नांना मॅगोला ‘नाही’ म्हणावे लागले.