नवा फुल एचडी टीव्ही घेतला, सेट-टॉप बॉक्सही डिजिटल आहे, तरी चित्र धूसर का दिसतं?

कारण डिजिटल म्हणजे एचडी नव्हे. मुंबईत 2012 च्या अखेरीस केबल डिजिटल झाली तेव्हा ॲनालॉगच्या (जुन्या पद्धतीच्या सिग्नलच्या) मुंग्या आणि भुताटकी सावल्या गेल्या; चित्राचा आकार मात्र साध्या चॅनेलवर 720×576 ठिपक्यांचाच राहिला. तुमचा पडदा 1920×1080 चा. म्हणजे टीव्ही एका ठिपक्याचे पाच करून ताणतोय, धूसर दिसणारच.

आधी बॉक्सच्या मागे बघा. पिवळी-लाल-पांढरी वायर असेल तर तिथेच घोडं अडलंय: पिवळ्या पिनमधून ॲनालॉग चित्र जातं, एचडी जातच नाही. बॉक्स एचडीचा असेल तर एचडीएमआय केबल लावा (साधी चालते, सोन्याच्या मुलाम्याला भुलू नका), टीव्हीचा सोर्स बदला आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन 1080आय करा. बॉक्स साधा असेल तर तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

एचडी चॅनेलचे पैसे वेगळे, क्रमांकही वेगळा. बरेच जण पैसे भरूनही जुनाच नंबर दाबतात!

चेहरे चपटे-रुंद दिसत असतील तर ते 4:3 चं चित्र 16:9 मध्ये ताणलंय. आस्पेक्ट रेशो (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) बदला.

पावसात चित्राचे चौकोन पडून अडकत असेल तर दोष सिग्नलचा. छत्री (डिश अँटेना) असेल तर तिची दिशा आणि गंजलेला कनेक्टर तपासा.