अमीन सायानींवर कार्यक्रम करायचाय, गाणी वाजवण्यापलीकडे काय करता येईल?

तुमच्या मंडळाने हे मनावर घेतलंय, याचा मनापासून आनंद झाला. माझं मत विचाराल तर गाणी कमी ठेवा आणि माणूस जास्त दाखवा. रेडिओ निवेदक म्हणून त्यांचा आवाज सगळ्यांच्या लक्षात आहे. तो आवाज घडला कसा, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

सुरुवात त्यांच्या आईपासून करा. कुलसुम सायानी मुंबईत प्रौढ साक्षरतेचं काम करत. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी ‘रहबर’ हे पाक्षिक काढलं. मजकूर साध्या हिंदुस्तानीतला, पण छपाई देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत. नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्याला कळेल अशा भाषेत लिहायचं, हे छोट्या अमीनने घरातच पाहिलं, त्या कामात हातभारही लावला. पुढे रेडिओवर ते जे बोलले, त्याची मुळं इथे आहेत असं मला ठामपणे वाटतं. अवघड शब्द नाही, उपदेश नाही, आणि ‘बहनों और भाइयों’ म्हणताना बहिणी आधी.

मग १९५२ साल सांगा. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री होते. (मराठी माणूस, म्हणून आपल्याकडे हा भाग टाळू नये.) त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झालं आणि श्रोत्यांनी काटा फिरवून श्रीलंकेतलं रेडिओ सिलोन धरलं. ३ डिसेंबर १९५२ ला तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, लोकप्रिय हिंदी सिनेगीतांची क्रमवारी लावणारा अमीनभाईंचा कार्यक्रम. ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं, टेप कोलंबोला जायची, आणि दर बुधवारी रात्री आठला तोच आवाज शॉर्टवेव्हवरून परत आपल्या घरात. आमच्याकडे स्टेशन नीट लागायचं नाही. आवाज मोठा व्हायचा, लांब जायचा, मध्येच खरखर यायची. वडील कान लावून बसायचे आणि कुणी ताटाचा आवाज केला तर नुसते बघायचे. पहिल्या पायदानाआधी, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या गाण्याआधी, बिगुल वाजला की घरात कुणी हलायचं नाही.

क्रमवारी कशी लागायची, यावरही दहा मिनिटं द्या, लोक रंगून ऐकतील. नुसत्या रेकॉर्डच्या खपावर भागेना, कारण दुकानातला माल संपला की चांगलं गाणंही मागे पडायचं. म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मतं घेऊ लागले. तुमच्या भागात असा संघ होता का, हे आधी शोधा. जुनी पत्रं, वह्यांत उतरवलेल्या साप्ताहिक याद्या, घरी भरून ठेवलेल्या कॅसेटी नक्की निघतील. त्या मांडा, त्यांच्या मालकांना मंचावर बसवून बोलतं करा. ही माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यामुळे हे काम आत्ताच व्हायला हवं.

१९७५ मध्ये भाऊ हमीद गेल्यावर ‘बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट’ अमीनभाईंनीच सांभाळली, तेही सांगा. रेडिओची वाट दाखवणारे हमीदच. २००९ ची पद्मश्री एका वाक्यात आली तरी पुरे.

एक विनंती. निवेदकाला त्यांची नक्कल करायला लावू नका. नक्कल केली की टाळ्या पडतात आणि माणूस बाजूला राहतो. त्यांचंच ध्वनिमुद्रण वाजवा. २० फेब्रुवारी हा त्यांचा स्मृतिदिन, पण मी २१ डिसेंबर, म्हणजे जन्मदिवस निवडेन. श्रोता संघांची शोधाशोध करायलाही तेवढा वेळ मिळेल.