आरसीसीबी सारखा पडतो, काढून टाकू का?

प्रश्न : आमचं घर सांगलीच्या गावभागात आहे, जुनं. गेल्या वर्षी न्हाणीघर नवीन करून घेतलं. तेव्हापासून वॉशिंग मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. पाऊस सुरू झाल्यापासून बोर्डातला आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) दिवसातून दोन-तीनदा पडतो. वायरमन म्हणतात, "तो फार नाजूक असतो, बायपास करून देतो, कटकट मिटेल." सासूबाईंचंही तेच म्हणणं आहे. करून घेऊ का?

उत्तर : नाही ताई, मुळीच नको. तुमच्या घरात सध्या तेवढी एकच गोष्ट आपलं काम चोख करते आहे.

फेजमधून जेवढा करंट जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. त्यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज दुसऱ्या वाटेने जमिनीत चालली, की आरसीसीबी क्षणात लाइन तोडतो. ६० वॅटचा साधा बल्ब पाव अँपिअर घेतो. त्याच्या निम्मा करंट जरी छातीतून गेला तरी माणूस दगावू शकतो, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला (वायरवर जास्त भार आला की पडणाऱ्या स्विचला) त्याचा पत्ताही लागत नाही. एमसीबी वायर वाचवते. माणूस वाचवतो तो आरसीसीबी.

तुमच्या पत्रातलं 'न्हाणीघर नवीन करून घेतलं' हे वाक्य मी दोनदा वाचलं. जुन्या घरांत अर्थिंगची (गळलेली वीज जमिनीत नेणारी) वायर नळाच्या लोखंडी पाइपला बांधायची पद्धत होती. ऐंशीच्या दशकात मी स्वतः असे कितीतरी क्लॅम्प आवळलेत. पाइप जमिनीत जायचा, त्यामुळे चालून जायचं. आता नूतनीकरणात प्लास्टिकचे पाइप येतात आणि अर्थिंग कधी गेलं ते कुणाच्या लक्षात येत नाही. मागे एका घरात मोरीची फरशी काढली, तर हिरवी वायर क्लॅम्पला अगदी व्यवस्थित बांधलेली, क्लॅम्प वीतभर लोखंडी तुकड्यावर, आणि त्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना पांढरा प्लास्टिकचा पाइप. त्या घरातल्या वहिनी कित्येक महिने रबरी चप्पल घालून मशीन लावत होत्या. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

म्हणून आधी अर्थिंग. अंगणात खड्डा घेऊन नवीन करा, तिथून वेगळी हिरवी वायर थेट बोर्डात आणा आणि काम झाल्यावर अर्थ टेस्टरने मोजून घ्या. खिशातला टेस्टर पेटला की विझला, यावरून अर्थिंग कळत नाही. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून द्यायला कुणी तयार झालं तर त्याला हात लावू देऊ नका. न्यूट्रल कुठे सुटली तर मशीनच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात.

आता पावसात पडण्याचं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा गावभागातही पाणी शिरलं होतं. तुमच्या घरात आलं होतं का? आलं असेल तर खालचे सॉकेट खोलून बघायला सांगा. पुराचा गाळ आतल्या पेटीत आणि वायरिंगच्या पाइपात वाळून बसतो, वरून रंग दिला की दिसत नाही, आणि दर पावसाळ्यात तो ओल धरतो. तिथून वीज भिंतीत झिरपते.

दोष शोधायला सगळे प्लग काढा (नुसती बटणं बंद करून भागत नाही, न्यूट्रल जोडलेलीच राहते), सगळ्या एमसीबी खाली करा आणि आरसीसीबी वर करा. मग एकेक एमसीबी, शेवटी एकेक प्लग. ज्याच्यावर पडेल तिथे दोष. प्लग काढूनही पडत असेल तर तो वायरिंगमध्ये आहे. मग पुढचं काम लायसन्सवाल्या वायरमनचं. ओल्या भिंतीवरचा बोर्ड तुम्ही उघडू नका.

भिंतीत झिरपलेली वीज तारेतही उतरते, म्हणून कपडे वाळत घालायची तार लोखंडी असेल तर ती आजच काढून नायलॉनची दोरी बांधा.

आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा. दाबूनही पडला नाही तर तो बदला. अर्थिंग होईपर्यंत मशीनचा प्लग काढून ठेवा आणि धुणं हाताने धुवा. त्रास होईल, पण सासूबाईंना मी सांगितलं म्हणून सांगा.