सुपरहिरोंच्या टीमवर फॅन फिक्शन लिहिताना सगळ्या पात्रांना न्याय कसा द्यायचा?

तुम्ही लिहिलंय की ॲव्हेंजर्सवर, म्हणजे मार्व्हलच्या सुपरहिरोंच्या टीमवर, मराठीत गोष्ट लिहायला घेतली, त्यात आठ पात्रं आणली, प्रत्येकाला मोजून जागा दिली, तरी वाचणारे मित्र म्हणतात 'थॉर मध्येच कुठे गेला?', 'नताशाला काही कामच नाही'. शेवटी हेही विचारलंय की वाचणाऱ्यांचं किती ऐकायचं, आणि दुसऱ्याची पात्रं घेऊन लिहिणं हे लेखन म्हणायचं का.

मी नाशिकला राहते, नोकरी सांभाळून अशा गोष्टी लिहिते आणि लिहिण्यापेक्षा वाचते जास्त. गंगापूर रोडला आमचा एक छोटा कट्टा आहे. रविवारी सकाळी कोणीतरी आपला नवा भाग मोठ्याने वाचतं आणि बाकीचे त्यावर बोलतात. मी खाली जे सांगतेय त्यातलं बरंचसं तिथल्या वादावादीतून आलेलं आहे.

माझं मत असं, की जागा वाटून न्याय होत नाही. 'माझा थॉर कुठे गेला' म्हणणाऱ्याला थॉरची पानं वाढवून नको असतात. थॉरवाचून कोणाचं तरी अडलंय, एवढं त्याला दिसायला हवं असतं. तुमच्या टीममधला एक माणूस काढून टाकून बघा. गोष्ट तशीच पुढे सरकली, तर त्या माणसाला तुम्ही दहा पानं दिली असलीत तरी त्याचा चाहता नाराजच राहणार.

ही अडचण नवी नाही. सुपरहिरोंची पहिली टीम म्हणजे जस्टिस सोसायटी, १९४० च्या हिवाळ्यात 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकात आलेली. त्या अंकात हे सगळे वीर जेवायला एकत्र जमतात आणि मग एकेक जण आपापला पराक्रम सांगतो. टेबल एक, गोष्टी सुट्या. सगळ्यांनी मिळून एक कामगिरी अंगावर घ्यायला पुढचा अंक उजाडावा लागला. नव्याने टीमवर लिहिणारे बरेच जण त्या तिसऱ्या अंकातच अडकतात. पात्रं एका इमारतीत राहतात, पण एकमेकांच्या आयुष्यात नसतात.

ॲव्हेंजर्सचं कॉमिक सुरू झालं १९६३ मध्ये, आणि दुसऱ्याच अंकाच्या शेवटी हल्क रुसून निघून गेला. टीम जमते न जमते तोच फुटली. चौथ्या अंकात बर्फात गोठलेला कॅप्टन अमेरिका, म्हणजे स्टीव्ह, सापडला. आणि १९६५ मध्ये सोळाव्या अंकात तर लेखकाने जवळजवळ सगळं घर रिकामं केलं: आयर्न मॅन, जायंट-मॅन, वास्प बाजूला झाले, थॉर तिथे नव्हताच. उरला एकटा स्टीव्ह, आणि त्याच्या हाताखाली हॉकआय आणि क्विकसिल्व्हर-स्कार्लेट विच ही भाऊ-बहीण. तिघेही आधी खलनायकांच्या बाजूने येऊन गेलेले. ताकद बघितली तर टीम अर्ध्यावर आली होती, पण वाचायला सुरुवात केली की सोडवत नाही. स्टीव्हला या तिघांवर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नाही, हॉकआयला त्याचा हुकूम सहन होत नाही, भाऊ-बहीण एकमेकांपलीकडे कोणाला मानत नाहीत. टीमवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी हा अंक सुचवते.

आठ पात्रांच्या २८ जोड्या होतात. सगळ्या लिहायच्या म्हटलं तर कादंबरीही पुरणार नाही, म्हणून तीन किंवा चार निवडा. निवडताना आधी न भेटलेली माणसं समोरासमोर आणून बघा. २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर' या सिनेमात वीर ढिगाने आहेत, पण ते गटागटाने विखुरलेले आहेत, आणि त्यात मला सगळ्यात जास्त लक्षात राहिली थॉर आणि रॉकेट यांची जोडी. एक देव, एक बोलणारा रॅकून, एका छोट्या यानात. थॉर भाऊ, आई, वडील, जिवलग मित्र, गेलेल्यांची नावं घेत जातो, वर हसून दाखवतो. रॉकेट नेहमी तोडून बोलणारा; तो त्या दिवशी कॅप्टन म्हणून विचारपूस करतो आणि थॉरच्या गेलेल्या डोळ्याजागी एक कृत्रिम डोळा देतो. त्या दृश्यात एकही ठोसा नाही. रॉकेटशिवाय थॉरचं दुःख कोणी ऐकलंच नसतं, आणि थॉरशिवाय रॉकेटला माया आहे हे आपल्याला दिसलं नसतं.

मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. कोण कोणाला 'तू' म्हणतं आणि कोण कोणाला 'तुम्ही', हे पहिल्याच संवादाला ठरवावं लागतं. बरेच जण हे विचार न करता सगळ्यांना 'तू' करून टाकतात. तसं करू नका, हा तक्ता आधी मांडा. पीटर पार्कर (स्पायडर-मॅन) टोनीला (आयर्न मॅन) 'तुम्ही' म्हणणार, सिनेमातही तो 'मिस्टर स्टार्क' सोडत नाही. नताशा (ब्लॅक विडो) आणि क्लिंट (हॉकआय) एकमेकांना अरे-तुरेच करणार. थॉर सगळ्यांना 'तू' म्हणतो हे मला पटतं. राजपुत्र आहे, दीड हजार वर्षं जगलाय. व्हिजन हा यंत्रमानव प्रत्येकाला 'आपण' म्हणेल, आणि ज्या दिवशी वांडाला (स्कार्लेट विच) तो 'तू' म्हणेल त्या दिवशी त्यांच्या प्रेमाबद्दल वेगळं काही लिहावं लागणार नाही. अवघड जोडी आहे स्टीव्ह आणि टोनीची. स्टीव्हचा जन्म १९१८ चा, टोनीच्या वडिलांबरोबर युद्धात काम केलेला माणूस, पण दिसायला टोनीहून तरुण. आमच्या कट्ट्यावरच्या एकीने टोनीला पहिल्यापासून 'तुम्ही' वापरायला लावलं, टोमणा म्हणून: 'तुम्ही काय बाबा, मोठी माणसं.' सुपरहिरोंवर सरकारी अंकुश आणणाऱ्या सोकोव्हिया करारावरून जुंपते, आणि टोनीच्या आई-वडिलांना कोणी मारलं ते स्टीव्हला ठाऊक होतं हे बाहेर येतं, तेव्हा तो टोमणा गळून पडतो आणि टोनी विचारतो, 'तुला माहीत होतं?' वाचन थांबवून दोघा-तिघांनी तिला ती ओळ परत वाचायला लावली.

आता एका गोष्टीबद्दल जरा सविस्तर, कारण तुमची अडचण तिथे जशीच्या तशी होती. आमच्यातल्या एकाने टीमला थेट रामकुंडावर आणलं, कुंभातल्या शाही स्नानाच्या दिवशी. गर्दीत अफवा उठते, चेंगराचेंगरीची वेळ येते, ॲव्हेंजर्स धावून येतात. पहिल्या खर्ड्यात त्याने पंगतीत वाढावं तसा प्रत्येकाच्या पानात एकेक पराक्रम वाढला होता. थॉर वीज पाडतो, हल्क ट्रक उचलतो, आयर्न मॅन माणसं उचलून नेतो, हॉकआय गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या खांद्यावर बसून बाण सोडतो. सगळ्यांना समान जागा, आणि ऐकताना एकालाही धाकधूक वाटली नाही.

बोलल्या त्या आमच्या काकू. २००३ च्या कुंभात शाही स्नानाच्या दिवशी इथे चेंगराचेंगरी झाली, माणसं दगावली. काकूंनी ती गर्दी पाहिलेली. त्या म्हणाल्या, 'अरे, तिथे शत्रू कोणी नसतो. मागच्याला पुढचं दिसत नाही आणि तो ढकलत राहतो, बस.' हे अगदी खरं आहे. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं कोंबली गेली की कोणाचं पाऊल स्वतःच्या ताब्यात राहत नाही, गर्दी लाटेसारखी हलायला लागते आणि माणसं उभ्या उभ्या गुदमरतात. अशा ठिकाणी हल्कने एक पाऊल टाकलं तरी जीव जाणार. थॉरची वीज कडाडली की पळापळ. आयर्न मॅन खाली आला की हजारो लोक थांबून वर बघणार, मोबाईल काढणार, आणि मागचा रेटा आणखी वाढणार. मारुतीबद्दलही काकूंनी बजावलं: त्याच्या अंगावर चढतं ते पुराचं पाणी, आणि कुठवर चढलं त्यावरून सगळं नाशिक गोदेचा पूर मोजतं, तिथे माणूस चढवू नकोस.

त्याने सगळं पुन्हा लिहिलं. टोनी उंचावरच थांबतो, कारण खाली येणं हाच धोका आहे. त्याला दिसतंय पण हात लावता येत नाही. दाब कुठे वाढतोय ते तो नताशाला सांगतो. नताशा मालेगाव स्टँडच्या बाजूला पोलिसांबरोबर उभी राहून येणारा लोंढा वळवते. क्लिंट जवळच्या एका जुन्या वाड्याच्या गच्चीवरून गल्लीतून किती माणसं बाहेर पडतायत ते मोजतो. ध्वनिक्षेपकावर कोणीतरी शांतपणे बोलत राहायला हवं. स्टीव्हला काय बोलायचं ते कळतं, पण भाषा येत नाही. बोलू शकतो तो ब्रूस, संतापला की हल्क होणारा. २०१२ च्या सिनेमात ब्रूस आपल्याला कोलकात्याच्या वस्तीत रुग्ण तपासताना भेटतो, तेव्हा त्याला मोडकंतोडकं हिंदी येत असेल हे लेखकाने धरून चाललेलं कोणालाही खटकलं नाही. म्हणजे ज्या माणसाला गर्दीत कोंडल्यासारखं वाटलं तर अनर्थ होईल, त्याच्याच हातात माईक. स्टीव्ह त्याच्या कानाशी एकेक वाक्य सांगतो, ब्रूस ते हिंदीत म्हणतो, आणि नताशाचा अडसर तुटला तर रेटा थेट ब्रूसच्या अंगावर येणार आहे.

या भागात हल्क एकदाही येत नाही. कट्ट्यावर हल्कचा एक कट्टर चाहता आहे, आणि सगळ्यात खूश तोच झाला. पानभर हल्क येणार की काय या भीतीने त्याने श्वास धरून ऐकलं होतं. थॉरचं काय केलं असेल? त्याला काहीच न करण्याचं काम दिलंय. ढग जमलेत, पाऊस आला तर घाटाच्या पायऱ्या निसरड्या होतील, आणि थॉर हात मुठीत धरून नुसता पाऊस अडवून धरतो. संबंध गोष्टीत त्याला चार ओळी आहेत. तुमच्या मित्राला त्या पुरतील याची मला खात्री आहे.

वाचणाऱ्यांचं किती ऐकायचं, तर ते काय म्हणतायत त्यावर आहे. 'इथे कंटाळा आला' असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका, तिथे खूण करून ठेवा. 'हे पात्र असं वागणारच नाही' म्हणालं तर विचारा, कुठलं पात्र? कॉमिकमध्ये अल्ट्रॉन घडवला हँक पिमने, २०१५ च्या सिनेमात टोनी आणि ब्रूस यांनी. दोन वाचक यावरून तावातावाने भांडतात आणि दोघेही बरोबर असतात. म्हणून गोष्टीच्या माथ्यावर एक ओळ लिहून टाका: सिनेमातलं जग, अमुक चित्रपटापर्यंत जसंच्या तसं, तिथून पुढे माझं. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे फॅन फिक्शनचं संकेतस्थळ २००९ पासून सुरू आहे. तिथे सिनेमातले ॲव्हेंजर्स आणि कॉमिकमधले ॲव्हेंजर्स यांच्या खुणाच (टॅग) वेगळ्या आहेत, आणि त्यामुळे निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत. तिसरी मागणी असते 'या दोघांची जोडी जमव', 'त्याला मारू नकोस'. ती आनंदाने ऐका, गोष्टीत कोणाचा जीव गुंतलाय ते त्यातून कळतं. पण त्यासाठी कथानक वळवू नका. माझा स्वतःचा नेम असा, की शेवटचा भाग लिहून झाल्याशिवाय पहिला भाग कोणाला दाखवायचा नाही.

वाचकाला कमीही लेखू नका. 'लीजन ऑफ सुपर-हिरोज' ही मार्व्हलच्या प्रतिस्पर्धी डीसी कॉमिक्सची टीम १९५८ पासूनची, सदस्य इतके की नावं पाठ करावी लागतात, आणि टीमचा नेता कोण हे वाचक मत देऊन ठरवत. जिम शूटर नावाच्या पिट्सबर्गच्या तेरा वर्षांच्या मुलाला या गोष्टी मार्व्हलच्या मानाने फिक्या वाटत. त्याने स्वतःच एक लिहून, चित्रं काढून पाठवली. १९६६ मध्ये ती छापून आली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. त्याने काय केलं? टीममध्ये चार नवे सदस्य आणले आणि त्यातला एक फितूर निघतो असं दाखवलं. एवढ्या मोठ्या जमावात एकदम प्रत्येक जण दुसऱ्याकडे संशयाने बघायला लागला. त्या वयात त्याच्याजवळ वाचकाचं मन सोडून दुसरं भांडवल नव्हतं.

दुसऱ्याची पात्रं घेणं हे लेखन का, यावर मी फार वेळ घालवणार नाही. आमच्याच नाशिकमध्ये बसून शिरवाडकरांनी 'ययाति आणि देवयानी' लिहिलं आणि कानेटकरांनी 'मत्स्यगंधा'. पात्रं महाभारतातली, नाटकं त्यांची. फरक एवढाच, की महाभारत सगळ्यांचं आहे आणि आयर्न मॅन मार्व्हलचा, म्हणजे २००९ पासून डिस्नेचा. म्हणून गोष्ट विकू नका, छापील प्रती काढून पैसे घेऊ नका, पात्रं कोणाची आहेत ते स्पष्ट लिहा.

तुमचा जो भाग अडलाय, त्यातल्या आठ नावांचा एक कागद करा. प्रत्येक नावापुढे एवढंच लिहा: याचं कोणावाचून अडतं? ज्या नावासमोर काही सुचणार नाही, त्या पात्राला या भागापुरतं घरी ठेवा आणि तो घरी का थांबला ते एका वाक्यात सांगा. भाग झाला की इथेच उत्तराखाली टाका, मी रविवारी कट्ट्यावर वाचून दाखवीन आणि कोण काय म्हणालं ते कळवीन.