बॅटरीवरचा पांढरट थर

प्रश्न : मी 21 वर्षांची असून बाबांची जुनी गाडी चालवते. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट थर साचला आहे आणि सकाळी गाडी सुरू होताना कुरकुरते. मेकॅनिकला न बोलावता हे काम मला जमेल का?

उत्तर : निश्चित जमेल. इंजिन बंद करून, हातमोजे व चष्मा घालून आधी ऋण टोकाची केबल सोडवावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. कारण गाडीचा सांगाडा ऋण टोकाशीच जोडलेला असल्याने, धन टोक सोडवताना पाना पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. (अनुभवी मंडळीही इथेच घाई करतात.) थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने व जुन्या टूथब्रशने निघतो. टोके कोरडी करून घट्ट आवळावीत आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. तरीही गाडी कुरकुरली, तर बॅटरी तपासून घ्यावी.